मासोळ्या साफ, बाबा पुसट

स्वस्तातला कोणता कॅमेरा घ्यावा, असं लोक मला अजून रस्त्यात थांबवून विचारतात. मी उलट विचारतो, फोटो कशाचे काढायचे आहेत? ज्या दुकानात तुम्हाला हा प्रश्न विचारला जात नाही, त्या दुकानाची पायरी उतरा आणि चहा प्यायला जा. तिथे तुम्हाला कॅमेरा मिळणार नाही, दुकानदाराला नकोसा झालेला माल मिळेल. हे मी सहा वर्षं काउंटरमागे काढल्यावर सांगतो आहे. त्यातली पहिली चार वर्षं मी स्वतः हा प्रश्न कोणाला विचारला नव्हता, हेही इथेच कबूल करतो. दुसऱ्यावर बोट ठेवणाऱ्याने आधी स्वतःचा हात दाखवावा.

पांढुर्ण्याच्या बाजार रस्त्यावर तो फोटो स्टुडिओ होता. नाव लिहीत नाही. मालक अजून आहेत आणि मला जे काम येतं ते त्यांनीच शिकवलं. बारावीत आपटून मी तिथे लागलो. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, छपाईत बिघडलेली पत्रकं होती: संपाची, निवडणुकीची, कुटुंबनियोजनाची, संत्र्याच्या झाडाला लागणाऱ्या रोगाची. मी त्यांच्यावरच वाचायला शिकलो आणि पुढे पत्रकासारखाच बोलायला लागलो, आधी मथळा, मग मागणी. मालकांना सगळं गाव काकाजी म्हणे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव ‘पत्रक’ ठेवलं.

“ए पत्रक, गिऱ्हाइकाले भाषण नको देऊ. पावडरीचा डबा दे.”

पावडर, कंगवा, एक काळा कोट आणि आधीच गाठ मारून ठेवलेला टाय, एवढं सामान पडद्याशेजारी खुंटीला असायचं. पडद्यासमोर काकाजींचं राज्य. दोन बोटांनी ते माणसाची हनुवटी अशी उचलत की तहसीलमधला चिडका बाबूसुद्धा फोटोत समजूतदार दिसे. मागची डार्करूम माझी. तिथे मी टचिंग करायचो. टचिंग म्हणजे निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहरा उजळ करणं. काळा माणूस सावळा निघे, सावळा गोरा. लग्नाच्या मुलींचे फोटो माझ्या हाताखालून जात आणि त्यांचे बाप मला दुवा देत. आता त्याची लाज वाटते. पण हात चांगला होता, ते नाकारणार नाही.

निगेटिव्ह स्टुडिओतच राहायची. गिऱ्हाइकाने मागितली तर काकाजी म्हणत, “बियानं कोनी देते का?” म्हणजे तुमचा चेहरा तुमचा, पण त्याची आणखी एक प्रत हवी असेल तर आमच्याच दारात या.

पडदा आणि डार्करूम यांच्यामध्ये काचेचं कपाट होतं. त्यात विकायचे कॅमेरे. बहुधा तीनच तऱ्हेचे. एक डबा कॅमेरा, ज्यात माणूस उन्हात, आठ-दहा फुटांवर, न हलता उभा राहिला तर छान निघे. दुसरा प्लास्टिकचा छोटा. त्यात फिरवायचं जुळवायचं काही नाही, फ्लॅश अंगचाच. पाच फुटांपलीकडचं सगळं साफ आणि अलीकडचं सगळं पुसट. तिसरा चामड्याच्या पेटीतला जुना विलायती. त्याचं भिंग फिरवून अंतर जुळवावं लागे. तो तीन वर्षं कपाटात पडून होता, आणि दारात कोणीही आलं की काकाजींची नजर आधी गिऱ्हाइकावर आणि मग त्या पेटीवर जाई.

गिऱ्हाइकं पण एकेक होती. संत्र्याचे एक व्यापारी कॅमेरा घेऊन गेले आणि चौथ्या दिवशी तणतणत आले. “फोटो येऊनच नाही राहिले!” मी विचारलं, रोल तर संपला नाही, मग तुम्हाला कसं कळलं? “कसं म्हंजे? रोज खोलून पाहतो ना!” लोधीखेड्याचे एक मास्तर भाचीचं लग्न उरकून थेट दुकानात आले, गळ्यात कॅमेरा आणि चेहऱ्यावर आनंद. “भाऊ, मशीन लई भारी दिली तुमी. छत्तीसच्या रोलमंधी सत्तर काढले, अजून चालूच हाय.” रोल आत चाकाला अडकलाच नव्हता. सगळं लग्न कोऱ्या फिल्मच्या शेजारून निघून गेलं होतं. काकाजी हे किस्से गिऱ्हाइकांना हसून सांगत, आणि त्या हसण्यात एक इशारा असे: आपलं काम नाही हे, स्टुडिओतच या. मीही हसायचो. पण रोल चाकाला नीट अडकलेला असला की तो पुढे सरकवताना कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाची कळ आपोआप फिरते, ती पाहत जा, एवढं एक वाक्य मास्तरांना कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगायची नोकरी माझीच होती.

अशात नामदेव सोमकुवर आले.

ते मोहगावचे, वय चाळिशीच्या आत. मलेरिया खात्यात होते. गावोगाव फवारणी करायची आणि विहिरींत गप्पी मासोळ्या सोडायच्या, डासांच्या अळ्या खाणाऱ्या. सोडायच्या आधी मासोळ्या जगवायला त्यांनी खिडकीच्या काचा सुताराच्या लांबीने चिकटवून घरीच एक टाकी केली होती. मग नागपूरहून दोन सोनेरी मासे आणले आणि खात्याची टाकी घरची झाली.

“कॅमेरा दाखवा भाऊ. सस्ता, पन कामाचा.”

“घरच्यांचे फोटो काढाले?” काकाजींनी विचारलं.

“घरच्याइचे बी, अन् मासोळ्याइचे बी.”

काकाजी हसले. “मासोळ्याइचे? तळायच्या आधी का तळल्यावर?”

“आधी,” नामदेव शांतपणे म्हणाले. “तळल्यावर त्या हलत नाहीत. तवा त तुमचा डबा कॅमेरा बी चालते.”

मला तो माणूस तिथेच आवडला. त्यांनी पुढे सांगितलं की दोन वर्षं थोडं थोडं बाजूला टाकून एका कॅमेऱ्यापुरतं जमलं आहे. दुसरा घेणं होणार नाही, म्हणून एकातच दोन्ही कामं झाली पाहिजेत. आणि घाई आहे. त्यांचे वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले गँगमन, दिवाळीनंतर भिलाईला लहान्या मुलाकडे कायमचे राहायला जाणार होते. “बाबा जायच्या आधी त्याइचा फोटो पायजे. घरात. टाकीजवळ बसलेला. दिवसभर तेच पाहतेत ना मासोळ्या.”

“मंग बाबाले इथं आना,” काकाजी म्हणाले. “पडद्यापुढं बसवतो.”

“बाबा येत नाही.”

का ते त्यांनी सांगितलं नाही. आणि काकाजींनी विचारलं नाही, कारण त्यांचा हात तोवर चामड्याच्या पेटीकडे गेला होता. “हे घ्या. विलायती भिंग. मासोळीचे खवले मोजता येतीन.”

तो कॅमेरा साडेतीन फुटांच्या आत काही पाहू शकत नाही, हे मला माहीत होतं. थंडीत त्याची झडप चिकटते, हेही माहीत होतं. काकाजींनाही माहीत होतं. नामदेवभाऊंनी पेटी हातात घेतली, चामड्याचा वास घेतला. आणखी अर्ध्या मिनिटात सौदा झाला असता.

“याच्यात मासोळी गव्हाच्या दाण्याएवढी येईल,” मी म्हणालो. “खवले नाही, मासोळी आहे का कचरा तेही कळणार नाही.”

“बोललं आमचं पत्रक,” काकाजी गिऱ्हाइकाकडे पाहून हसले आणि मला डोळ्यांनी डार्करूम दाखवली.

आत त्यांचा आवाज चढला नाही, तो त्यांचा स्वभावच नव्हता. “लोक घरीच फोटो काढू लागले त मले कोन इचारन? अन् तुले पगार कुठून देईन? तू कोनाचा मानूस आहेस बे?”

ही भीती खोटी नव्हती. छोटे कॅमेरे येऊ लागल्यापासून बारशाची, वाढदिवसाची गिऱ्हाइकी आटत चालली होती. पण एका माणसाची दोन वर्षं मोडून आपला दिवस काढायचा, ही त्यावरची तोड नाही. मी तसं म्हणालो. पत्रकाच्याच भाषेत म्हणालो असेन, कारण ते कपाळाला हात लावून बाहेर गेले.

नामदेवभाऊंना मी प्लास्टिकचा छोटा कॅमेरा दिला. तिघांत तो सगळ्यांत साधा, पण त्याच्या भिंगापुढे आणखी एक भिंग लावलं तर त्याला जवळचं दिसू लागतं. माणसाला चाळिशी लागते तसंच हे. हजाराच्या वस्तू लागत नाहीत. सौंसरच्या चष्मेवाल्याकडून मी वाचायच्या चष्म्याचं दोन नंबरचं एक भिंग घेतलं आणि रविवारी मोहगाव गाठलं.

असा दिवस नोकरीत पुन्हा आला नाही. नामदेवभाऊंच्या पत्नी, शकुनवहिनी, खोलीची खिडकी गोधडीने बंद करून उभ्या राहिल्या, काचेत खिडकीचा उजेड दिसू नये म्हणून. टाकीच्या मागे काळं कापड लावलं. मासे फार आत पळू नयेत म्हणून टाकीत एक काच उभी सोडली, त्यांना पुढच्या चार बोटांतच फिरू दिलं. फ्लॅश जवळून फार जळजळीत पडतो, त्याच्यावर रुमालाची चौपदरी घडी. कॅमेरा काचेला सरळ धरायचा नाही, जरा तिरपा, नाही तर फ्लॅश उलटून भिंगातच येतो. बघायची खिडकी भिंगाच्या वर असते, म्हणून इतक्या जवळून काढताना कॅमेऱ्याचं तोंड थोडं वर ठेवायचं. आणि अंतर बरोबर एक हात. त्यासाठी कॅमेऱ्याला सुतळी बांधली, तिला गाठ मारली, गाठ काचेला टेकली की आणखी जरा पुढे सरकायचं, कारण मासोळी काचेच्या आत असते.

चष्म्याचं भिंग मी स्वतः बसवलं. पडू नये म्हणून चिकटपट्टीचे चार तुकडे, त्यावर आणखी चार. “आता भूकंप झाला तरी निघत नाही,” मी म्हणालो. फार खूश होतो मी.

बाबा दाराशी पाट घेऊन बसले होते. उंच, काळेशार, हाडापेराने रुंद. त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. एकदाच सुनेला म्हणाले, “इतकं लगनात बी नव्हतं केलं कोनी माह्या.”

चार दिवसांनी नामदेवभाऊंचा रोल बसच्या कंडक्टरकडून दुकानात आला. मी तो धुतला. ओली निगेटिव्ह उजेडात धरली आणि ओरडलोच. मासे! सोनेरी माशाची शेपटी झिरझिरीत पदरासारखी, प्रत्येक शीर दिसणारी. एका फोटोत गप्पी मासोळी अळीवर तोंड उघडून धावलेली. चौदा फोटो, त्यातले नऊ असे की स्टुडिओच्या भल्यामोठ्या कॅमेऱ्याने निघाले नसते.

पंधराव्या फोटोपासून घरची माणसं होती. ती सगळी पुसट. डोळे नाहीत, नाक नाही, कोट घातलेला एक लांबट धूसर ठिपका टाकीशेजारी बसलेला. तेच सहा वेळा.

मला कळायला फार वेळ लागला नाही. चष्म्याचं भिंग तसंच होतं. जवळचं दाखवणारं भिंग दूरचं पुसतं. बघायच्या खिडकीतून हे कळत नाही, कारण ती भिंगाच्या बाजूने स्वतंत्र पाहते. तिच्यात बाबा साफच दिसले असणार. मी रुमालापासून सुतळीपर्यंत सगळं सांगितलं होतं. माणसांचा फोटो काढण्याआधी भिंग काढा, एवढंच सांगितलं नव्हतं. आणि बसवलं असं होतं की ते काढायचं असतं असं कोणाच्या मनातही आलं नसतं.

काकाजींनी त्यातला एक फोटो मोठा करून मागितला. मला वाटलं, पाहायला. संध्याकाळी तो दर्शनी फळ्यावर टाचलेला होता आणि खाली त्यांच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: घरचा कॅमेरा घेण्याआधी हे पाहा.

मी खाली एक ओळ वाढवली: चूक गिऱ्हाइकाची नाही, या दुकानात शिकवणाऱ्याची. आणि सही केली. काकाजींनी चष्मा वर करून ती वाचली, पण खोडली नाही. दुसऱ्या दिवशी नामदेवभाऊ आले तेव्हा दोन्ही ओळी तिथेच होत्या.

त्यांनी फळ्याकडे पाहिलं. मग काउंटरवरचे मासे पाहिले, एकेक, सावकाश. मग बाबांचे सहा फोटो पाहिले.

“कॅमेरा खराब हाय का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“माहा हात हालला?”

“नाही.”

“मंग बिघडलं काय?”

“मी,” मी म्हणालो, आणि भिंगाचं सगळं सांगितलं.

त्यांनी सहाही फोटो उलटे करून ठेवले. मग म्हणाले, “मासोळ्या साफ अन् बाबा पुसट. बाबाले काय सांगू आता? नवीन कोट शिवला होता त्याइनं.” बाबा दुसऱ्याच दिवशी चारच्या गाडीने निघणार होते.

काकाजींनी पुढे होऊन फळ्यावरचा फोटो काढला. त्यांना वाईट वाटलं होतं, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. “सोमकुवर, उद्या बाबाले घेऊन या. मी काढतो. एक पैसा घेत नाही. त्या खुर्चीवर बसवतो,” आणि त्यांनी पडद्यासमोरची कोरीव पाठीची सागवानी खुर्ची दाखवली.

नामदेवभाऊंनी खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातला एक जुना फोटो काढला आणि काउंटरवर ठेवला. पाठीमागे जिना रंगवलेला पडदा. डोक्याला फेटा बांधलेला विशीतला उंच तरुण, हात सरळ खाली सोडून उभा. त्याच्या शेजारी हीच खुर्ची. रिकामी.

“बाबाले रेल्वेत नोकरी लागली तवाचा हाय. तुमच्या वडलाच्या वखताचा, याच दुकानातला. बसू का म्हनून इचारलं होतं बाबानं. त म्हने, खुर्ची फोटोत येऊ देतो, तू बाजूनं उभा राह्य.”

काकाजी फोटोकडे पाहतच राहिले. “तो जमाना वेगळा होता,” ते म्हणाले.

“खुर्ची तेच हाय ना?”

सहा वर्षं ती खुर्ची रोज सकाळी मी पुसत होतो. जुन्या निगेटिव्हच्या पेट्यांमधून अशी कितीतरी माणसं माझ्या हाताखालून गेली होती, रिकाम्या खुर्चीशेजारी उभी. माझी समजूत अशी की त्या काळी लोकांना उभं राहून फोटो काढायची हौस असावी. ज्या माणसाने संपाची, हक्काची पत्रकं पाठ केली होती, त्याची ही नजर! सौंसर-पांढुर्ण्यात कोण बसत होतं आणि कोण उभं राहत होतं, हे एकदाही विचारलं नाही मी.

“आता मी मानानं बसवतो ना,” काकाजी खालच्या आवाजात म्हणाले.

“तुमी बसवसान, ठाऊक हाय मले,” नामदेवभाऊ म्हणाले. “पन बाबाले कोनी बसवलेलं नाही पायजे.” मग माझ्याकडे वळून, “उद्या येता का? बाबा म्हनून राहिले का फोटो पाहिल्याबिगर गाडीत पाय ठेवत नाही. पुन्हा पुसट निघालं त तिकडं भिलाईत कोनाले सांगाव?”

“येतो.”

“उद्या दोन लग्नं आहेत,” काकाजी म्हणाले. “उद्या गेला त परवा येऊ नको.”

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते थकून म्हणाले. मी कपाटातून एक कोरा रोल आणि तो धुवायच्या डेव्हलपर आणि हायपोच्या दोन पुड्या घेतल्या, त्यांची किंमत गल्ल्यात टाकली, आणि निघालो. भाषण केलं नाही. एवढा एकच प्रसंग असेल.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास मोहगावला पोचलो. बाबांचा कोट दोरीवर होता, बाबा बनियनवर.

“तूच का तो चाळिशीवाला?”

“हो बाबा.”

“मासोळ्या साफ आल्या म्हनते.”

“हो.”

“त्याइले कोट घालाव लागला नाही. मले दोनदा घालाव लागून राहिला.”

मी माफी मागितली. ते “हं” म्हणाले आणि विचारलं, “काढनार कोन?”

“नामदेवभाऊच काढतील. मी हात लावणार नाही.”

तेव्हा कुठे त्यांनी कोट मागितला. तोंड धुतलं, मिशा पुसल्या. शकुनवहिनींनी घरातली पत्र्याची खुर्ची टाकीपुढे ठेवली. त्यांनी ती उचलून स्वतःला हवी तिथे ठेवली आणि बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाय फाकवून, मान ताठ. चिकटपट्टीचे आठ तुकडे मी आधीच नखाने सोलून काढले होते. नामदेवभाऊ सात फूट मागे गेले.

“फ्लॅश टाकीच्या काचेत चमकेल,” मी म्हणालो. “मासे येणार नाहीत. थोडं बाजूला सरकून तिरपं काढलं तर...”

“तिरपं नाही,” बाबा म्हणाले. “समोरून काढ. मासोळ्या आल्या त आल्या.”

त्यांचे चार फोटो निघाले, दोन सगळ्या घराचे. आता धुणं. घराला धान्याची एक कोठी होती, बिनखिडकीची. दाराच्या फटीत पोती आणि गोधड्या कोंबल्या. आत अंधारात दोन जेवणाच्या थाळ्या, एकीत डेव्हलपर, एकीत हायपो, मध्ये पाण्याचं पातेलं. स्टुडिओत यासाठी बंद डबी असते. इथे फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरून ती थाळीतून वरखाली, वरखाली ओढत राहायचं, दहा मिनिटं, न थांबता. बाहेर शकुनवहिनी गजराचं घड्याळ घेऊन बसल्या होत्या.

“चार झाले!... पाच झाले! भाऊ, जित्ते आहा ना?”

खांदे भरून आले. एकच भीती होती. कुठल्या फटीतून उजेड शिरला असेल तर सगळंच काळं होईल, आणि या वेळी माझ्याकडे द्यायला कारणही नव्हतं. दाराबाहेर पत्र्याची खुर्ची करकरत होती. बाबा कोट न काढता तिथेच बसून होते.

हायपोतून काढून मी दार उघडलं आणि पट्टी उन्हात धरली. आधी चौकटी पाहिल्या, मग पहिलीच्या मध्यभागी पाहिलं. कोटाची बटणं मोजता येत होती. मिशीचा केस न केस होता. कपाळावरच्या तिन्ही आठ्या.

बाबांनी पट्टी हातात घेतली, पाणी निथळत असताना. बराच वेळ डोळ्यांपाशी धरून पाहिलं. मग हसायला लागले. “अरे, हे काय? मी त गोरापान झालो! अन् केस काळे.”

“मामाजी नवरदेव दिसून राहिले,” सूनबाई म्हणाल्या.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, छापल्यावर सरळ होतं, असं मी समजावलं. आणि सहा वर्षांची सवय, तोंडातून निघूनच गेलं: “छापताना चेहरा थोडा उजळ करता येतो, बाबा.”

“काऊन?” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “धुऊन बसलो ना मी.”

पट्टी दोरीवर वाळली. चारच्या गाडीआधी प्रत छापण्याचं काही साधन तिथे नव्हतं. मी म्हणालो, निगेटिव्ह ठेवून जा, सौंसरच्या ओळखीच्या फोटोग्राफरकडे छापून पाठवतो. बाबांनी मान हलवली. पट्टी कागदात गुंडाळून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वर हात ठेवून गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो नाही. महिन्याभराने काकाजींनी निरोप पाठवला, ये. मी उलट निरोप दिला की मागणाऱ्याला त्याची निगेटिव्ह मिळेल असं फळ्यावर लिहा, येतो. त्यांनी लिहिलं नाही, मी गेलो नाही. त्यांच्या हाताखालची डार्करूम मला अजून आठवते, खोटं कशाला बोलू. आता सौंसरला अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीच्या स्टेशनच्या रस्त्यावर माझं एक टेबल आहे. कॅमेरे दुरुस्त करतो, कोणता घ्यावा ते सांगतो, जमेल त्याला फोटो काढायला शिकवतो. जामसांवलीला दर्शनाला जाणारे थांबतात, कॅमेरा पुढे करतात. चष्म्याचं भिंग मागणाऱ्याला मी ते आधी दहा वेळा काढायला लावतो, मग बसवू देतो. फार मिळत नाही. कोणाला काही चुकीचं गळ्यात मारलं, असंही एकदा घडलेलं नाही.

बाबांचा छापलेला फोटो मी पाहिला नाही. थंडी संपता संपता नामदेवभाऊ टेबलाशी आले आणि भिलाईहून आलेलं एक कार्ड त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. बाबांनी नातवाकडून लिहवून घेतलं होतं. खुशाली, पाण्याची तक्रार, मासोळ्यांना दाणे कमी टाकत जा म्हणून ताकीद. आणि शेवटी, चाळिशीवाल्याला सांगा म्हणून: फोटो निघाला. मासोळ्यांच्या जागी नुसता उजेड आला. मी आलो.